लेबलावर काय लिहायचं

गेल्या दिवाळीच्या आधी एरंडवण्यातल्या एका हॉलमध्ये आमचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतरच्या सामसूम वेळात, एक काकू आल्या. हँगरवरचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, जॅकेट काढलं, पहिल्यांदा उलटं केलं आणि आतली शिवण पाहिली. मग बाही मुठीत धरून चुरगाळली, सोडली आणि सुरकुती कशी उठते ते निरखलं. सगळ्यात शेवटी किमतीची चिठ्ठी.

"२१,८३०. हे वरचे तीस कसले?"

"किंमत १८,५००, काकू. त्यावर १८ टक्के जीएसटी. जे आलं ते लिहिलं, इकडेतिकडे केलं नाही."

"एवढ्यात लक्ष्मी रोडला पैठणी येते."

"येते," मी म्हटलं. खरंच येते.

तोवर त्यांनी चष्मा वर सरकवून आतलं लेबल वाचायला घेतलं होतं. "ताणा परदेशी? स्वतःच्याच मालावर असं कोणी लिहितं का?"

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. त्या लेबलाची एक गोष्ट आहे, पण ती उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. तेव्हा इथे सांगते.

मी अकरा वर्षं कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर होते. म्हणजे परदेशी खरेदीदाराला हवा तसा शर्ट, हवा त्या तारखेला, हव्या त्या भावात कारखान्यातून काढून द्यायचा. एक बाही जोडायला किती मिनिटं, तीच बाही अर्ध्या मिनिटानं लवकर जोडली तर नगामागे किती पैसे सुटतात, हे गणित मला झोपेतही करता यायचं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. आमचा त्या कारखान्यांशी काही संबंध नव्हता. तरी दुसऱ्या दिवशीच्या आमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न निघाला तो असा, की तिकडच्या ऑर्डरी आता इकडे वळतील का. तो प्रश्न मीच विचारला होता. नोकरी मात्र मी त्यानंतर आठ वर्षांनी सोडली, म्हणजे फार काही सद्सद्विवेक जागा झाला असं नाही. गृहकर्ज फिटलं आणि मग सोडली.

ठरवलेलं साधं होतं. थोडे कपडे करायचे, उत्तम करायचे, आणि करणाऱ्याला पुरेसे पैसे द्यायचे. आमची आजी ‘उंची वस्त्र’ म्हणायची. ‘लक्झरी’ या शब्दापेक्षा मला तो बरा वाटतो, कारण त्यात कापडाचा दर्जा आहे, दुकानाच्या झुंबराचा नाही. नाव ठरवलं ‘कोसा’ आणि ट्रेडमार्कचा अर्ज भरला. कपड्यांसाठी वर्ग २५, माझ्यासारख्या एकट्या अर्जदाराला ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० पडली. आक्षेप आला. कोशाच्या कापडाचं नाव ‘कोसा’ ठेवलंत तर ते मालाचं वर्णन झालं, ती कोणा एकाची मालमत्ता कशी होईल? बरोबरच होतं. आज जे नाव आहे ते इथे लिहीत नाही, नाहीतर ही जाहिरात व्हायची.

पहिलं लेबल मी २०२२ मध्ये छापलं. काळ्या साटीनवर सोनेरी अक्षरांत: ‘निसर्गस्नेही. शाश्वत. १०० टक्के देशी. पूर्णपणे हातानं घडवलेलं.’ पाचशे छापली होती. त्यातलं किती खोटं होतं ते एकेक करून कळत गेलं.

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघून गोंदियाला जाते. रात्री पुण्यात बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून भंडारा रोडला, म्हणजे वरठीला उतरायचं. तिथून मोहाडी तालुका. इथले कोष्टी पिढ्यानपिढ्या कोसा विणतात. टसरचे किडे जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. त्यांच्या कोशातून निघणाऱ्या धाग्याला मुळातच मधासारखा रंग असतो. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून काठ विणतात आणि त्या काठाला करवतीसारखे दाते येतात, म्हणून करवत काठी. पहिल्या भेटीत मी मागाशेजारी तीन तास नुसती बसून होते. धोटा या हातातून त्या हातात जातो, पायाखालची पावडी दबते, फणी ठोकते. विणकरदादांनी तेवढ्या वेळात जेमतेम वीतभर कापड काढलं, कारण अर्धा वेळ ते तुटलेले धागे जोडत होते.

मी लेबल दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि ‘१०० टक्के देशी’वर बोट ठेवलं.

"ताणा आपला नाही ना, ताई. बाहेरून येते. आपलं सूत ताण्याले टिकत नाही, तुटते. बाणा आपला."

ताण्याला सतत ओढ बसते, फणी घासते. त्याला एकसारखं, मजबूत सूत लागतं, आणि ते त्यांना आयात केलेलंच परवडतं. देशी कोशाचं जाडंभरडं, गाठीगाठींचं सूत बाण्यात जातं, आणि कापडाला जो जिवंतपणा येतो तो त्या बाण्यानंच. अकरा वर्षं कापड धंद्यात काढून मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. पाचशे लेबलं घेऊन गेले होते, पाचशे परत आणली.

‘पूर्णपणे हातानं’ हेही तिथेच गळालं, आणि ते जास्त लागलं. कोशातून सूत काढायची जुनी रीत म्हणजे बायका जमिनीवर बसून, उघड्या मांडीवर तळहातानं धागा वळतात. फोटोत ते सुंदर दिसतं. आमच्या फोटोग्राफरनं तर त्यावर अख्खी मालिका करायची ठरवली होती. एका आजींनी त्याला हातानंच थांबवलं. "पायाचा फोटो नोको," म्हणाल्या, आणि नंतर मला एकटीला आत नेऊन पाय दाखवला. वर्षानुवर्षं घासून कातडी काळी, टणक झाली होती, मध्येच चिरलेली. हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. सरकारनं मांडीवरची सूतकताई बंद व्हावी म्हणून बायकांना ‘बुनियाद’ नावाची छोटी यंत्रं द्यायची योजना काढली ती त्यामुळेच. तेव्हापासून आम्ही बाण्याचं सूतही यंत्रावर काढलेलंच घेतो. ते थोडं जास्त एकसारखं येतं, जुन्या कापडाची ती खरखर थोडी कमी होते. गिऱ्हाईक विचारतं, "मग हे हॅन्डमेड नाही का?" तेव्हा पायाचं सांगत नाही. आजींनी फोटो नको म्हटलं होतं, वर्णन तरी का करू? (इथे केलं. गाव, नाव लिहिलेलं नाही.)

कापड पुण्यात आलं तेव्हा नवाच पेच. माझे सगळे नमुने ४४ इंच पन्ह्यावर काढलेले आणि कापड जेमतेम ३६. शिवाय कोशाचं सूत शिवणीवर सरकतं, त्यामुळे मार्जिन दुप्पट हवं. माझा मास्टर भवानी पेठेतला, तीस वर्षं शेरवान्या शिवलेला माणूस. त्यानं माझे कागदी नमुने कापडावर पसरले, थोडा वेळ पाहिले आणि घडी करून बाजूला ठेवले. "मॅडम, हे गिरणीच्या कापडाचं बेतणं आहे. पूर्वी पन्हा एवढाच असायचा. तेव्हा लोक उघडे फिरत होते का?"

त्याला घेऊन मी बाजीराव रस्त्यावर राजा केळकर संग्रहालयात गेले. काचेमागचे जुने कपडे तो वाकून, मान तिरकी करून बघत होता, आणि रखवालदार त्याच्याकडे. जुन्या अंगरख्यांच्या बेतण्यात सगळे सरळ तुकडे असतात: मधला पट्टा, बाजूच्या, खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, काखेत चौबगला. चौबगला म्हणजे चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी कापड ओढलं जात नाही. एक कळी उलटी, एक सुलटी मांडली की मध्ये काही उरतच नाही. माझ्या जुन्या नोकरीत बेतताना १५ टक्के कापड वाया जाणार हे हिशेबातच धरलेलं असायचं. आता आमची एका जॅकेटची कतरण ओंजळीत मावते. तिच्या आम्ही पोटल्या शिवत नाही. ‘झिरो वेस्ट’च्या नावाखाली या शहरात एवढ्या पोटल्या झाल्या आहेत की आता त्याच कचरा व्हायच्या बेतात आहेत. कतरण साठवतो, पुरेशी झाली की आमच्याकडे हातशिलाई करणाऱ्या मावशी तिची गोधडी घालतात.

याच मास्टरनं मला आणखी एक धडा दिला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "नगावर काम नाही. महिन्याचा पगार, रविवारी सुट्टी, दिवाळीला बोनस." मला वाटलं तो खूश होईल. तो म्हणाला, "मग लग्नसराईत माझं नुकसान कोण भरून देणार?" लग्नसराईच्या चार महिन्यांत तो नगावर जे कमावतो त्यावर त्याच्या मुलीची फी भरली जाते. न्याय्य वेतनाचा माझा सगळा विचार माझ्या डोक्यातला होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तडजोड झाली. पगार पक्का, आणि लग्नसराईत संध्याकाळी सहानंतर तो आमच्याच मशीनवर स्वतःची कामं करतो. एखाद्या तपासणीच्या कागदावर हे कुठल्या रकान्यात बसेल कुणास ठाऊक.

रंगाईबद्दल मात्र मला खूप लिहावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त मार मी तिथे खाल्ला. रासायनिक रंग टाळायचे, हे आधीपासून ठरलेलं. मंजिष्ठेचा लाल मला हवाच होता. घरी, कोथरूडला, स्वयंपाकघरात नमुना केला. तुरटीच्या पाण्यात कापड भिजवून घेतलं, मग मंजिष्ठेच्या काढ्यात मंद आचेवर ठेवलं. रंग आला तो विटकरी-गुलाबी, छान, पण लाल नाही. पुढचा घाणा धायरीच्या एका शेडमध्ये, तिथे नळ नाही, टँकरचं बोअरचं पाणी. तीच मंजिष्ठा, तीच तुरटी, तेवढाच वेळ. बाहेर आलं ते पिकल्या डाळिंबासारखं लाल. आठ दिवस मी चुकलं काय ते शोधत होते, खरं तर चुकलं काहीच नव्हतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ. बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं, जड, चुनखडीचं. मंजिष्ठेला कॅल्शियम मानवतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण कुरकुरतो, त्यातच हा लाल उमलतो. मग लोभ सुटला आणि तिसऱ्या घाण्याला आच वाढवली. मंजिष्ठा तापली की तपकिरी रंग सोडते. बावीस मीटर कापड चहाच्या गाळासारखं झालं.

काळ्यासाठी गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवायचा असतो. तो मी सोसायटीच्या गच्चीवर ठेवला. बाराव्या दिवशी सेक्रेटरी काका दारात. "वरती कोणी दारू गाळतंय का?" त्यांना हरड्याच्या पाण्यात बुडवलेली पांढरी चिंधी त्या आंबवणात टाकून दाखवली. ती डोळ्यांदेखत काळी झाली, तसे ते अर्धा तास तिथेच रेंगाळले. दोन दिवसांनी लेखी नोटीस आली ती आलीच.

हळदीच्या नादी लागू नका, एवढं सांगते. पिवळा सुरेख येतो आणि उन्हात उडून जातो.

आता दोरा. कुर्ता कोशाचा, रंग मंजिष्ठेचा, बटणं नारळाच्या करवंटीची, मग पॉलिएस्टरचा दोरा कसा चालेल? रविवार पेठेत शोधून शोधून चांगला सुती दोरा आणला. पहिल्या बावीस कुर्त्यांपैकी सात काखेत उसवून परत आले. एक तर गिऱ्हाइकाच्या मुलीच्या मुंजीत... नव्हे, मुलाच्या, घाईत काहीही लिहिते आहे. तर भर मुंजीत, हात वर करून अक्षता टाकताना. मास्टर काही बोलला नाही, फक्त पॉलिएस्टरचं रीळ मशीनवर चढवलं. उसवलेला कपडा आठव्या महिन्यात कपाटात फेकला जाणार, आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं तो दहा वर्षं टिकणार. मी दहा वर्षं निवडली. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

अस्तराचंही असंच. ‘ऑर्गेनिक’ सुती अस्तर म्हणून एका व्यापाऱ्यानं मला मोबाइलवर प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. ते प्रमाणपत्र सुताच्या गिरणीचं होतं, त्याच्या कापडाचं नव्हे. गॉट्सच्या, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या, नियमात नुसतं ‘ऑर्गेनिक’ लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याचा कागद लागतो. मी ते अस्तर घेतलं, कारण कापड चांगलं होतं. ऑर्गेनिक म्हटलं नाही, इतकंच.

१५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘निसर्गस्नेही’, ‘शाश्वत’, ‘ग्रीन’ असले मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत. ओळखीतले बरेच जण वैतागले. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण तोवर माझ्या लेबलातून सगळी विशेषणं तशीही गळून पडली होती. नवं लेबल पांढऱ्या सुती फितीवर काळ्या अक्षरांत: ‘ताणा: आयात टसर. बाणा: देशी कोसा, यंत्रावर काढलेलं सूत. हातमाग, मोहाडी, जि. भंडारा. रंग: मंजिष्ठा, तुरटी. शिलाई: पुणे. शिलाईचा दोरा: पॉलिएस्टर.’

किमतीचा हिशेबही आम्ही विचारणाऱ्याला दाखवतो, तर इथेही मांडते. एका जॅकेटला साडेतीन मीटर कापड, १,९०० रुपये मीटर, झाले ६,६५०. मास्टरच्या पगाराचे दोन दिवस २,४००. मावशींचं काज-बटण, हातशिलाई ७००. रंगाई ४५०. जागा, वीज, टँकर ९००. फसलेले घाणे, नमुने, भंडाऱ्याच्या खेपा यांचा नगामागे वाटा ८००. एकूण ११,९००. विक्री १८,५००. मधल्या ६,६०० मध्ये प्रदर्शनांची भाडी, फोटो, कुरिअर, आणि उरलं तर मी.

कोरेगाव पार्कातल्या एका बुटीकनं सुरुवातीलाच माल मागितला होता. जांगड माल ठेवायचा, विकला गेला तर पैसे, त्यातले ४० टक्के त्यांचे. म्हणजे माझ्या हातात ११,१००. प्रत्येक जॅकेटमागे ८०० रुपये मीच वरून द्यायचे, तेही विकल्यानंतर तीन महिन्यांनी. इकडे विणकराला मी निम्मे पैसे आगाऊ देते आणि निम्मे माल हातात आला की त्याच दिवशी. जांगड घेणाऱ्याबरोबर ही साखळी जुळतच नाही. सगळीकडे जो ‘नैतिक’ शब्द चिकटवतात, त्याचा माझ्यापुरता अर्थ विचाराल तर पैसे कोणत्या तारखेला जातात, एवढाच आहे.

आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८. आधी आम्हाला १२ होता, तेव्हा हेच जॅकेट २०,७२० ला जायचं. दिवसभरात हजारो नग ओकणाऱ्या कारखान्याचा स्वस्त शर्ट ५ टक्क्यांत, आणि मागावर दिवसाला जेमतेम मीटर-दोन मीटर निघणाऱ्या कापडाचं जॅकेट श्रीमंतांची चैन म्हणून १८ टक्क्यांत. वाढलेले १,११० रुपये आपण सोसावे, असं आठवडाभर वाटत होतं. मग ते कुणाच्या वाट्यातून काढायचे, हे कागदावर मांडलं आणि चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. काकूंचे तीस रुपये ते असे.

काकूंनी तेव्हा जॅकेट घेतलं नाही. "बघते" म्हणाल्या. पुण्यात ‘बघते’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हँगर आवरत असताना त्या एका जुन्या धोतराच्या गाठोड्यात काहीतरी घेऊन आल्या. कोशाची साडी, लग्नातली. पन्नास वर्षं ठेवणीतली, कपाटात एकाच घडीवर राहिलेली, त्यामुळे घडीघडीवर रेशीम चिरलं होतं. "नेसता येत नाही, टाकवत नाही," म्हणाल्या. "याचं ते तुमचं जॅकेट होईल का?"

मास्टरनं ट्यूबलाइटखाली साडी धरली, चिरा टाळून वितीनं मापलं आणि काठावरून अंगठा फिरवला. "कापड आपल्यापेक्षा चांगलं आहे," तो मला हळूच म्हणाला. काकूंनी ते ऐकलं. मी शिलाई, अस्तर, बटणं असा हिशेब लिहून दिला, त्यांनी तो खालून वर तपासला आणि पूर्ण पैसे तिथेच मोजले.

गाठोडं माझ्या हातात देऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"आणि तो पॉलिएस्टरचा दोरा मला नको. सुतीच घाला."

"काकू, उसवेल."

"उसवू दे की. टाका मी घालीन."